बैलाशी झुंजणारा कुत्रा आपल्या दिवाणखान्यात कसा आला



इंदूर, उज्जैन, देवासच्या मराठी घरांना कुत्रा नवा नाही. जुन्या वाड्यांच्या दारात एखादा मोत्या नाहीतर खंड्या असायचाच. उरलेल्या पोळीवर वाढायचा, रात्री भुंकायचा, आणि त्याची जात कोणती हे विचारायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे बदललं. आता मला फोन येतात ते असे: "डॉक्टरकाका, चिरंजीवांना बुली हवाय. पिल्लू बघून ठेवलंय. घेऊ का?" मी विचारतो, "बुली म्हणजे नक्की कोणता?" पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग, "तोच हो, रील्समध्ये असतो तो."

मी जनावरांचा डॉक्टर. महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो आणि पुढची सगळी वर्षं इंदुरातच प्रॅक्टिस केली. आता दवाखाना बंद केलाय, फोन मात्र बंद होत नाही. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं असं वाटलं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. थोडा इतिहासही सांगणार आहे, कारण ह्या कुत्र्यांचा इतिहास माहीत नसला तर त्यांचा स्वभाव कळत नाही, आणि स्वभाव कळला नाही तर सांभाळ जमत नाही.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. आपल्याकडे 'बुली' हे एकच नाव चार-पाच वेगवेगळ्या कुत्र्यांना चिकटवतात. लांबट, अंड्याच्या आकाराचं तोंड आणि बारीक तिकोनी डोळे असलेला तो बुल टेरियर. त्याचाच छोटा भाऊ मिनिएचर बुल टेरियर. बुटका, रुंद छातीचा, गालफडं भरलेला तो स्टॅफर्डशायर बुल टेरियर. त्याहून उंच आणि अंगाने थोराड तो अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, आणि त्याचा अगदी जवळचा नातेवाईक अमेरिकन पिटबुल टेरियर. हल्ली आलेला अमेरिकन बुली हा ह्यांच्यातूनच पण अलीकडे तयार केलेला. अमेरिकेतल्या युनायटेड केनेल क्लबने त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली. आणि पंजाबातला 'बुली कुत्ता' तर तिसराच, तो मास्टिफच्या घराण्यातला अवाढव्य कुत्रा. बाजारात पिल्लू विकणारा ह्यातलं काहीही 'बुली' म्हणून विकतो. कित्येकदा त्यालाही फरक माहीत नसतो.

आता मूळ गोष्ट. ती सुरू होते इंग्लंडात.

तिकडे काही शतकं बैलाशी कुत्रे झुंजवायचा खेळ चालायचा. बैलाला दोराने कड्याशी बांधायचं आणि त्याच्यावर कुत्रे सोडायचे. कुत्र्याने बैलाचं नाक पकडून धरायचं, तो कितीही झटकत असला तरी सोडायचं नाही. लोक पैजा लावायचे. झुंजवलेल्या बैलाचं मांस मऊ होतं अशी समजूत होती, त्यामुळे काही गावांत बैल झुंजवल्याशिवाय कापायचाच नाही असा कसायांना नियम होता. बर्मिंगहॅमच्या 'बुल रिंग' ह्या जुन्या बाजारपेठेच्या नावात ती आठवण अजून शिल्लक आहे. ह्या कामासाठी जो कुत्रा वाढवला तो बुलडॉग. आज सोफ्यावर घोरत पडलेला, नाक आत गेलेला बुलडॉग डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हाचा बुलडॉग पायांनी उंच, चपळ आणि काटक होता.

टेरियरचं काम निराळं. त्याच्या नावाचं मूळ जमिनीसाठीच्या लॅटिन शब्दात आहे. बिळात शिरायचं, घूस, उंदीर, कोल्हा बाहेर काढायचा. अंगाने लहान, पण चलाख आणि चिडखोर.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या दोघांचा संकर करायची टूम निघाली. बुलडॉगची चिकाटी आणि टेरियरची चपळाई एकाच कुत्र्यात. त्याला लोक 'बुल अँड टेरियर' म्हणत. उंदीर मारायच्या पैजा तेव्हा जोरात होत्या. बिली नावाच्या अशाच एका कुत्र्याने लंडनमध्ये १८२३ साली १०० उंदीर साडेपाच मिनिटांत मारल्याची नोंद प्रसिद्ध आहे. पण खरी मागणी होती ती कुत्र्यांच्या आपसातल्या झुंजींसाठी.

१८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून बैल, अस्वलं, कुत्रे झुंजवण्यावर बंदी आणली. बैल लपवता येत नाही, त्यामुळे बैलांची झुंज थांबली. दोन कुत्रे मात्र कुठल्याही गुत्त्याच्या मागच्या खोलीत झुंजवता येतात. कायदा झाला, पण कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांच्या त्या टापूत, स्टॅफर्डशायर आणि आसपास, हे प्रकार चोरून चालतच राहिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. झुंजीच्या कुंडात कुत्र्यांबरोबर माणसंही असायची. झुंजीआधी कुत्र्याला धुवायचं, बहुधा समोरच्या पार्टीच्या माणसाने, म्हणजे अंगाला विष-बिष लावलेलं असेल तर कळावं. झुंज चालू असताना हात घालून कुत्रा उचलायचा. नंतर त्याच्या जखमा बांधायच्या, आणि रात्री तोच कुत्रा घरी चुलीपाशी, पोराबाळांच्या शेजारी. रागाच्या भरातसुद्धा जो कुत्रा माणसाच्या हाताला चावला तो त्यांच्या कामाचा नाही. असा कुत्रा पैदाशीला ठेवायचा नाही, असाच त्या धंद्याचा कल होता. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दोन गोष्टी एकत्र निवडल्या गेल्या: दुसऱ्या कुत्र्याशी भिडायची खुमखुमी आणि माणसाच्या हाताखालचा मऊपणा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी हाताळलेल्या चांगल्या घराण्यातल्या बुल टेरियरांत आणि स्टॅफींत हे दोन्ही एकाच अंगात पाहिलंय. टेबलावर इंजेक्शन देताना माझा हात चाटणारा कुत्रा दारातून पामेरियन दिसताच साखळी तोडायला निघायचा.

पुढे बर्मिंगहॅममध्ये जेम्स हिंक्स नावाचा जनावरांचा व्यापारी होता. १८५० नंतरच्या दशकात त्याने ह्या ओबडधोबड झुंजाऱ्या कुत्र्याला सभ्य माणसाच्या सोबत फिरण्याजोगं रूप द्यायचं ठरवलं. बुल अँड टेरियरमध्ये त्याने पांढरा इंग्लिश टेरियर मिसळला (ती जात आता उरली नाही) आणि डाल्मेशियनही. लांब तोंड, सरळ पाय, आणि रंग पांढराशुभ्र. १८६२ च्या सुमारास त्याचे कुत्रे डॉग शोमध्ये चमकायला लागले. लोकांनी टोमणा मारला, की दिसायला देखणा झाला खरा, पण दम गेला. तेव्हा हिंक्सने आपली 'पस' नावाची कुत्री पैजेवर झुंजीत उतरवली, ती अर्ध्या तासात जिंकली आणि लगेच शोमध्येही बक्षीस घेऊन आली, अशी दंतकथा बुल टेरियरवाले आजही सांगतात. 'पांढरा शिलेदार' म्हणून ह्या कुत्र्याचं कौतुक व्हायला लागलं.

१८९५ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने कान कापलेल्या कुत्र्यांना शोमध्ये बंदी केली. मग न कापताही ताठ उभा राहणारा कान पैदाशीतूनच आणावा लागला. आज दिसतो तो अंड्यासारखा चेहरा तर त्याहूनही अलीकडचा. 'लॉर्ड ग्लॅडिएटर' हा १९१७ चा कुत्रा त्या चेहऱ्याचा पहिला नमुना मानतात.

स्टॅफर्डशायरमधल्या खाणकामगारांनी मात्र आपला जुना, बुटका कुत्रा तसाच ठेवला होता. १९३५ साली क्रॅडली हीथ गावातल्या 'ओल्ड क्रॉस गन्स' ह्या गुत्त्यात त्यांनी क्लब काढला, जातीचं वर्णन लिहून काढलं, आणि त्याच वर्षी स्टॅफर्डशायर बुल टेरियरला अधिकृत मान्यता मिळाली. गुत्त्यात झुंजणारा कुत्रा गुत्त्यातच बसून कागदावर आला.

ह्याच कुत्र्यांचे भाऊबंद मजुरांबरोबर अमेरिकेत गेले, तिथे उंच आणि वजनदार झाले. १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लबने 'पिटबुल टेरियर' नावाने त्यांची नोंद सुरू केली. 'पिट' म्हणजे झुंजीचा खड्डा. नावातच धंदा आहे. अमेरिकन केनेल क्लबने १९३६ मध्ये त्याच रक्ताचे कुत्रे 'स्टॅफर्डशायर टेरियर' ह्या सोज्वळ नावाने घेतले, 'अमेरिकन' हा शब्द पुढे १९७० च्या दशकात लागला. पिटबुलला ह्या क्लबाने आजही वेगळी मान्यता दिलेली नाही.

आता आपल्याकडे. हे कुत्रे हिंदुस्थानात आले ते गोऱ्या पलटणींबरोबर. महू, मोरार, सिकंदराबाद, बेळगाव, बडोद्याचा कॅम्प: आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची मुळं ह्याच छावण्यांच्या आसपास रुजली. कुणी कमिसरियटमध्ये कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी कंत्राटदार. माझे आजोबा महूच्या छावणीत हिशेबनीस होते. ते सांगायचे, की पलटणीची बदली झाली की गोरे शिपाई आपले कुत्रे दुसऱ्या कुणाकडे सोपवून जायचे, आणि निरोप घेताना दांडगे दांडगे सोल्जर पोरांसारखे रडायचे. रुडयार्ड किपलिंगची 'गार्म' नावाची गोष्ट (१९०९ च्या 'ॲक्शन्स अँड रिॲक्शन्स' ह्या पुस्तकात आहे) अशाच एका शिपायाच्या बुल टेरियरची आहे. ती वाचली तेव्हा मला आजोबांच्या बोलण्याची आठवण झाली. पंजाबात ह्या कुत्र्यांचा तिथल्या कुत्र्यांशी संकर होऊन 'गुल टेर' तयार झाला. तो फाळणीनंतर दोन्ही पंजाबांत राहिला, आणि दुर्दैवाने झुंजीही राहिल्या. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरं झुंजवणं गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

एवढा इतिहास का सांगितला? कारण माणसाने जे जे मागितलं ते ह्या कुत्र्याच्या अंगात उतरलंय. त्याची किंमतही कुत्र्यानेच मोजली. सगळ्यात ठळक उदाहरण पांढऱ्या रंगाचं. हिंक्सला आणि त्याच्या गिऱ्हाइकांना पांढराशुभ्र कुत्रा हवा होता. अंगाला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे नसल्या तर ऐकण्याच्या बारीक पेशी पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच मरतात. म्हणून पांढऱ्या बुल टेरियरांत साधारण पाचातला एक कुत्रा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा निघतो. रंगीत बुल टेरियरांत हेच प्रमाण शंभरात एखाददुसरं. विसाव्या शतकात स्टॅफर्डशायरचं रक्त आणून रंगीत बुल टेरियर तयार केले गेले, त्याने ह्या जातीचं भलंच झालं.

ह्याच बहिरेपणाची एक आठवण सांगतो. रामबागेतलं एक घर. सून, मुलगा, दोन नातवंडं, आजी-आजोबा. मुलाने दिल्लीहून पांढरं बुल टेरियरचं पिल्लू आणलं होतं. नाव ठेवलं कापूर. आठ महिन्यांचा झाला तेव्हा मला बोलावलं ते, खरं सांगायचं तर, त्याला कायमचा झोपवायला. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, हा मुजोर आहे. हाक मारली तर ढुंकून बघत नाही. वर्तमानपत्राची सुरळी करून मारलं तरी फरक नाही. आणि काल झोपलेला असताना धाकट्याने पाठीवर हात ठेवला, तर वळून त्याचा हात धरलान." धाकट्याच्या मनगटावर दातांचे वळ होते, कातडी फाटली नव्हती.

कापूर पंख्याखाली झोपला होता. मी त्याच्या मागे, जरा लांब उभा राहून दोन पातेली एकमेकांवर आपटली. घरातले सगळे दचकले. कापूरचा कानही हलला नाही. मग मी जमिनीवर जोरात पाय आपटला. फरशी हादरली तशी तो उठून बसला आणि शेपूट हलवायला लागला.

दारात उभ्या आजी सगळं बघत होत्या. त्या आजोबांना म्हणाल्या, "अहो, म्हणजे इतके महिने तुम्ही ओरडताय कुणावर?"

पुढचं काम आजींनी केलं. त्यांची थोरली बहीण जन्मापासून बहिरी होती, त्यामुळे घरात खुणांनी बोलणं त्यांना नवं नव्हतं. तळहात खाली दाबला की बस. छातीपाशी हात आणला की ये. दोन्ही हात झटकले की संपलं, आता काही मिळणार नाही. उठवायचं असेल तर आधी जमिनीवर पाय आपटायचा, मगच हात लावायचा, हा नियम नातवंडांना पाठ करायला लावला. साखळीशिवाय त्याला अंगणाबाहेर कधी नेलं नाही, कारण मागून येणारी गाडी त्याला ऐकू येणार नव्हती. दोन महिन्यांत कापूर खुणा शिकला. संध्याकाळी आजी देवापाशी दिवा लावायला उठल्या की तो आपणहून बाजूला सरकायचा. अकरा वर्षं जगला. आजोबांना शेवटच्या वर्षांत स्वतःला ऐकू येईनासं झालं, तेव्हा आजी दोघांशीही त्याच खुणांनी बोलायच्या.

म्हणून पांढरं पिल्लू बघायला गेलात तर एवढं करा: ते झोपलेलं असताना किंवा पाठमोरं असताना, हवेचा झोत किंवा जमिनीचा हादरा लागणार नाही अशा बेताने आवाज करून बघा. दोन्ही कान बहिरे असतील तर कळतं. एक कान बहिरा असेल तर घरी कळत नाही; त्यासाठी मेंदूपर्यंत आवाजाचा संदेश पोचतो का हे मोजणारी बीएईआर नावाची तपासणी असते.

आता बाकीच्या दुखण्यांबद्दल, थोडक्यात. बुल टेरियरांत मूत्रपिंडाचे आनुवंशिक आजार आढळतात. वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. हृदयाच्या झडपांचे दोषही दिसतात, त्यामुळे डॉक्टरांना स्टेथोस्कोप नीट लावायला सांगा. मिनिएचरमध्ये डोळ्यातलं भिंग जागचं सुटून दृष्टी जाऊ शकते. डोळा अचानक लाल झाला, कुत्रा डोळा मिटून घेतोय असं दिसलं तर तासाभरातसुद्धा उशीर नको. स्वतःच्या शेपटीमागे तासन्‌तास गोल गोल फिरणं हे रीलमध्ये गमतीचं दिसतं, बुल टेरियरात तो आजार असू शकतो. हसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि हे कुत्रे चावून गिळण्यात पटाईत: मोजे, चेंडू, रबरी चप्पल. उलट्या सुरू झाल्या, शी थांबली, तर आतड्यात काहीतरी अडकलंय असं समजून पळा.

केस आखूड, त्यामुळे रोज विंचरायची कटकट नाही. पण पांढऱ्या कुत्र्याच्या नाकाची, कानाची, पोटाची गुलाबी कातडी उन्हाने भाजते. आपल्या माळव्यातल्या नाहीतर हैदराबादेतल्या मे महिन्यात ह्यांना फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आत आणि रात्री. डांबरी रस्त्यावर आपला तळहात ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजाला कसं सोसेल? तो धापा टाकतोय, हिरड्या लालभडक झाल्यात, तोल जातोय असं दिसलं तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंख्याखाली घ्या आणि दवाखान्यात न्या. डिसेंबरात उलटं, आखूड केसांना थंडी वाजते, जुन्या गोधडीचा तुकडा द्या. पावसाळ्यात गोचिडांकडे रोज लक्ष द्या. गोचिडतापाने ताप येतो, खाणं सुटतं, नाकातून रक्तही येतं, आणि वेळेवर कळला तर बरा होतो.

खाण्याबद्दल आपल्या घरांत एक खास अडचण. दूध-पोळीवर मोत्या जगायचा, कारण तो बाहेर काय काय खाऊन यायचा. घरातला कुत्रा तसं करू शकत नाही. २५-३० किलोच्या, सगळा स्नायूच असलेल्या कुत्र्याला प्रथिनं हवीत. घरात मांस चालत नसेल तर अंडी तरी चालू द्या, तेही नसेल तर चांगलं तयार खाद्य आणा. आणि प्रसादाचा शिरा देऊ नका: त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. कांदाभजी, चॉकलेट हेही नाही. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकलंय.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. चावतो का?

आधी दोन समजुती दूर करतो. पिटबुलचा जबडा 'लॉक' होतो म्हणतात. तसा काही खटका त्याच्या जबड्यात नसतो. हाडं आणि स्नायू इतर कुत्र्यांसारखेच असतात. न सोडण्याची वृत्ती मात्र खरी, ती बैलाच्या नाकापासूनची. दुसरी समजूत उलट्या बाजूची: हा कुत्रा म्हणे पूर्वी मुलं सांभाळायचा, 'नॅनी डॉग' होता. जुन्या नोंदींत ह्याला काही आधार नाही, हे कौतुक नंतरच्या काळातलं. कुठलाही कुत्रा, मग तो कितीही गुणी असो, लहान मुलापाशी एकटा सोडायचा नाही. एवढं एक वाक्य ह्या पोस्टमधून घेतलंत तरी पुरे.

२०२२ च्या जुलैमध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्ध शिक्षिकेचा जीव घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणे इथे सात वर्षांचं पोर असंच गेलं. ह्या बातम्या खऱ्या आहेत, त्यांना "मीडियाने वाढवलंय" म्हणून झटकून टाकता येत नाही. दुसरीकडे, अमेरिकेत २००७ मध्ये मायकेल विक ह्या फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून पन्नासच्या आसपास पिटबुल सोडवले. पूर्वी असे कुत्रे सरसकट मारत. ह्या वेळी एकेक कुत्रा स्वतंत्रपणे तपासला आणि बहुतेकांना जगू दिलं. काही घरांत गेले, २२ जण यूटामधल्या एका मोठ्या प्राणी आश्रमात. झुंजीसाठीच वाढवलेल्यांपैकी कित्येक माणसांत रमले. हेही तितकंच खरं.

मग दोन्ही कसं? मी माझ्या अनुभवाने सांगतो. माणसाला न चावण्याचा गुण ह्या जातींत आपोआप आलेला नव्हता. कुणीतरी प्रत्येक पिढीत तो निवडत होतं. आज आपल्याकडे गल्लीबोळात जी पैदास चालते, तिथे आईबापांचा स्वभाव कोण बघतं? मोठं डोकं, रुंद छाती, ब्लेडने कापलेले कान आणि भीतिदायक नजर एवढंच बघतात. चावऱ्या कुत्र्याला तर उलट जास्त भाव. शंभर वर्षं जे सांभाळलं ते दहा वर्षांत उधळलं जातंय. त्यात असं पिल्लू पाच आठवड्यांचं असताना आईपासून तोडून विकायचं, फार्महाऊसवर दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं, कुणाची ओळख होऊ द्यायची नाही, आणि मग म्हणायचं की ही जातच वाईट. देवास रोडच्या अशाच एका फार्महाऊसवर मजुराच्या मुलीला कुत्र्याने धरलं होतं. तिच्या दंडाला बावीस टाके पडले. तो कुत्रा जन्मल्यापासून सात फुटांच्या साखळीवर होता. मुलगी वाचली, कुत्रा नाही.

सरकारचंही धोरण डळमळीत आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, रॉटवायलर वगैरे जातींचे परवाने आणि विक्री थांबवायला सांगितलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. बेळगावकरांना हे आठवत असेल. ब्रिटनमध्ये पिटबुलवर १९९१ पासून बंदी आहे, आणि एक्सएल बुली १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतपत्राशिवाय ठेवता येत नाही. पण ज्या स्टॅफर्डशायर बुल टेरियरच्या रक्तातून हे सगळे आले, तो तिथे आजही घरोघरी आहे. म्हणून आपल्या महापालिकेत नियम काय आहे ते घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

घ्यायचंच असेल तर माझी यादी अशी. पिल्लाची आई समोर बघा, बाप जमला तर बघा. आई जवळ येऊ देत नसेल तर तिथूनच परत या. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. कान कापलेलं पिल्लू घेऊ नका, कापणाऱ्याला आपण पैसे देतो. पहिल्या चार महिन्यांत लसीकरणाचं भान ठेवून त्याला माणसं, पोरं, स्कूटर, ढोलताशे, भाजीवाला सगळं दाखवा. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मारून शिकवू नका; हे कुत्रे मार सहन करतात, पण त्यातून शिकत नाहीत. खाऊ आणि खेळ ह्यावर काहीही शिकतात. दुसऱ्या कुत्र्याशी भांडण्याची खोड पिल्लूपणी दिसत नाही, वर्ष-दीड वर्षाने डोकं वर काढते, म्हणून रस्त्यावर साखळी कायम. एकाच घरात दोन नर नकोत.

आणि घर कसं आहे हे आधी बघा. दिवसभर घरात सत्तरीपुढची दोनच माणसं असतील, नवराबायको दोघं नोकरीला, मुलगा कोटा नाहीतर पुण्याला शिकायला, तर हा कुत्रा तुमच्यासाठी नाही. २५ किलोचा कुत्रा मांजरामागे धावला तर आजोबांचा खांदा आणि खुबा दोन्ही जायचे. घरी आलेलं रांगतं मूल आणि रोज तासभर फिरवायला माणूस नाही, तरीही नाही. राखणीला कुत्रा हवा असेल तर रस्त्यावरचं एखादं गुणी पिल्लू घ्या, आपल्या हवेत टुकटुकीत राहतं. जातीचाच हवा आणि मोकळी जागा असेल तर बेळगावपासून फार लांब नसलेल्या मुधोळचा कुत्रा बघा. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, आपल्या उन्हातला.

ज्यांच्याकडे आधीच असा कुत्रा आहे त्यांनी हे वाचून घाबरू नये आणि त्याला कुठे सोडूनही येऊ नये. तो जसा आहे तसा माणसांनीच केलेला आहे, तेव्हा निभावणंही माणसांनीच. काही अडचण असेल तर मला मेसेज करा, जमेल तेवढं सांगीन.

आणि मोरार, बेळगाव, सिकंदराबाद किंवा बडोदा कॅम्पमध्ये ज्यांचे आजे-पणजे होते, त्यांच्याकडे छावणीतल्या साहेबांच्या कुत्र्यांचे जुने फोटो किंवा ऐकलेल्या गोष्टी असतील तर खाली नक्की लिहा. माझ्या आजोबांकडच्या गोष्टी मी लिहून ठेवल्या नाहीत तर त्या माझ्याबरोबरच जातील. तुमच्याकडच्या तरी उतरवून ठेवू.